चॅप्टर ७, गाडीवरचा बोजा आणि ट्रस्टीचे नव्वद दिवस: गाडी फुकटात मिळते का?

कोलंबसकर
नमस्कार मंडळी. ओहायोतल्या एका मित्रासाठी विचारतोय. (खरंच मित्रासाठी. मागच्या धाग्यावर कोणाचा विश्वास बसला नव्हता.)

मित्राची नोकरी गेली, क्रेडिट कार्डं तुंबली आणि १० जूनला त्याने चॅप्टर ७ (इथला दिवाळ्याचा अर्ज) फाइल केलं. त्याआधी, नोकरी शाबूत असताना, ३ मार्चला त्याने एका गृहस्थांकडून वापरलेली एसयूव्ही घेतली होती. पैसे क्रेडिट युनियनचे (सभासदांची पतसंस्था). काउंटीच्या टायटल ऑफिसात गाडी त्याच दिवशी त्याच्या नावावर झाली, पण टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) क्रेडिट युनियनचा बोजा चढवायचा राहून गेला. क्रेडिट युनियनला वाटलं हा करेल, याला वाटलं ते करतील. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं आणि २० एप्रिलला नोंद झाली.

आता बँकरप्टसीच्या ट्रस्टीने (मालमत्ता गोळा करून सगळ्या धनकोंना वाटणारा) क्रेडिट युनियनवर दावा लावलाय. म्हणे हा बोजा 'प्रेफरन्शियल ट्रान्सफर' आहे, म्हणून रद्द करा. गाडीची किंमत साधारण २२,००० डॉलर, कर्ज बाकी २०,५००. मित्र खुशीत आहे: बोजा रद्द, कर्ज डिस्चार्ज (म्हणजे माफ), म्हणजे गाडी फुकट! मला हे काही पटत नाही. आणि दुसरं म्हणजे, क्रेडिट युनियनने रोख पैसे मोजलेत. त्यांनी असं काय पाप केलं?

शेंगदाणा
फुकट गाडी मिळत असेल तर मी पण उद्याच दिवाळं काढतो. फॉर्म कुठे मिळतो?

ठोंब्या
वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन.

भुजंगराव
सगळी हयात सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली, म्हणून लिहितो. यात ट्रस्टी वगैरे बाजूला ठेवा, दोष सरळसरळ कर्ज देणाऱ्याचा आहे. आमच्याकडे नवी गाडी असेल तर नोंदणीच्या अर्जातच, म्हणजे फॉर्म २० मध्ये, फायनान्सरची सही लागते. आरसी छापून येते तीच एचपीसकट, म्हणजे फायनान्सरच्या बोजासकट. जुनी गाडी असेल तर फॉर्म ३४ वर कर्जदाराची सही घेतल्याशिवाय आम्ही चेकला हात लावू देत नसू. कर्ज फिटलं की फॉर्म ३५. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५१. कर्जदाराच्या भरवशावर बोजा सोडणारी बँक मी तरी पाहिलेली नाही.

टेक्सासमावशी
भुजंगरावकाका, इथे रोज होतं हे. डीलरकडून गाडी घेतली तर डीलर कागद पाठवतो आणि बहुतेक वेळा ठीक पार पडतं. गोंधळ होतो तो माणसाकडून माणसाने गाडी घेतली तर, किंवा दुसऱ्या राज्यातून आणली तर, किंवा रीफायनान्स केलं तर. जुन्या बँकेकडून टायटल सुटून नव्या बँकेच्या नावाची नोंद व्हायला महिना सहज जातो.

अंजनी
मी सिनसिनाटीत एका बँकरप्टसी वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल आहे. आमची बाजू बहुधा धनकोंची, म्हणजे इथे क्रेडिट युनियनची. वकील नाही, त्यामुळे हा सल्ला समजू नका. पण या प्रकारच्या फायली भरपूर हाताळल्यात, म्हणून सविस्तर लिहिते.

बँकरप्टसी कोडचं कलम ५४७(ब) काय म्हणतं? ऋणकोच्या मालमत्तेतला काही हक्क धनकोला मिळाला. आधीपासून असलेल्या कर्जापोटी मिळाला. तेव्हा ऋणको नादार होता. फाइल करण्याआधीच्या ९० दिवसांत हे घडलं. आणि त्यामुळे त्या धनकोला चॅप्टर ७ मध्ये सगळ्यांच्या बरोबरीने मिळालं असतं त्यापेक्षा जास्त मिळालं. हे सगळं जुळलं तर ट्रस्टी तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतो. नादारी वेगळी सिद्ध करायची गरज नाही, त्या ९० दिवसांपुरती कायदा ती गृहीतच धरतो. कोणाचा हेतू वाईट होता का, हा प्रश्नच नाही.

आता कोणी म्हणेल, पैसे ३ मार्चला दिले आणि गहाणही ३ मार्चचंच, मग 'आधीचं कर्ज' कुठून आलं? सगळी मेख इथेच आहे. गहाणाचा करार कधी झाला हे कायदा बघत नाही. बोजा जगाविरुद्ध पक्का कधी झाला ते बघतो. गाडीच्या बाबतीत पक्का म्हणजे टायटलवर नोंद. करारापासून ३० दिवसांत नोंद झाली तर तारीख मागे सरकते आणि ३ मार्चच धरतात. ३० दिवस उलटले तर नोंदीची तारीख हीच हस्तांतराची तारीख. इथे ३ मार्च ते २० एप्रिल ४८ दिवस झाले. म्हणजे कायद्याच्या नजरेत क्रेडिट युनियनने मार्चमध्ये विनातारण कर्ज दिलं आणि २० एप्रिलला त्या जुन्या कर्जासाठी तारण घेतलं. २० एप्रिल ते १० जून ५१ दिवस. नव्वदच्या आत.

गाडी घ्यायलाच दिलेल्या कर्जाला एक खास सूटही आहे, ५४७(क)(३). पण तिथेही अट तीच: गाडी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत नोंद. १९७८ च्या मूळ कायद्यात हे १० दिवस होते, १९९४ मध्ये २० झाले, २००५ च्या दुरुस्तीत ३०.

कोलंबसकर, तुमच्या मित्राच्या फायलीत धनकोच्या बाजूने बोलायला मला फारसं काही दिसत नाही.

कोलंबसकर
अंजनी, खूप धन्यवाद. म्हणजे बोजा जाणार हे जवळपास नक्की. मग मित्राचं म्हणणं बरोबर?

अंजनी
नाही! ते लिहायचं राहिलं. आत्ता मीटिंग आहे, संध्याकाळी लिहिते.

शेंगदाणा
जाहिरातीनंतर भेटूया.

उंटावरचा
मला हा कायदा पटत नाही. क्रेडिट युनियन म्हणजे कोणी दांडगी बँक नव्हे, सभासदांची संस्था. त्यांनी खरे पैसे दिले, त्या पैशाची गाडी समोर उभी आहे. १८ दिवस उशीर झाला म्हणून पूर्ण २०,५०० वर पाणी? आणि ते पैसे जाणार कोणाला, तर २९ टक्के व्याज लावणाऱ्या कार्ड कंपन्यांना! हा कुठला न्याय?

निनाद_के
उंटावरचा, उलट बाजूने बघा. ३ मार्च ते २० एप्रिल त्या गाडीचं टायटल कोरं होतं. या काळात दुसऱ्या कोणी त्या मित्राला कर्ज देताना टायटल तपासलं असतं, तर त्याला वाटलं असतं की याच्याकडे २२,००० ची मोकळी गाडी आहे. छुपा बोजा बाळगायचा आणि माणूस बुडायला लागला की घाईघाईने नोंद करून रांगेत पुढे उभं राहायचं, हे थांबवायला ही मुदत आहे. प्रामाणिक विसराळूही त्यात सापडतो हे खरं. पण प्रत्येक धनकोच्या मनात शिरून हेतू शोधायचा तर खटले कधी संपणार?

शेंगदाणा
थोडक्यात, पंगत बसायच्या आधी मुदपाकखान्यात जाऊन कोणी जिलब्या खाऊन आला असेल तर वाढपी त्याच्या पोटातून त्या काढून सगळ्यांच्या पानात वाढणार.

ठोंब्या
शेंगदाणा, जेवण चाललंय माझं. 🤢

उंटावरचा
पण हा गडी जिलब्या स्वतः घरून घेऊन आला होता की हो!

निनाद_के
ते चांगलं होतं. :)
पण पानात वाढून घेताना 'माझ्या आहेत' असं सांगितलं नाही ना त्याने.

अवांतर, मी मुंबईत वकिली करतो, म्हणून आपल्याकडचं थोडं. मुंबई शहरात व्यक्तीच्या नादारीला अजून १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स कायदा लागतो, काम हायकोर्टाच्या ऑफिशियल असाइनीकडे. उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा प्रोव्हिन्शियल कायदा. २०१६ च्या आयबीसीत (दिवाळखोरी संहितेत) व्यक्तींसाठी भाग आहे, पण तो डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांनाच लागू झालाय. जुन्या दोन्ही कायद्यांत मागे बघायची मुदत तीन महिने. फरक इतकाच की तिथे ऋणकोचा त्या धनकोला झुकतं माप देण्याचा हेतू दाखवावा लागतो, आणि तो दाखवताना घाम फुटतो. आयबीसीच्या कलम ४३ मध्ये मात्र हेतू लागत नाही, शिवाय मुदत लांबलचक: संबंधित पक्ष असेल तर दोन वर्षं, एरवी एक. जेपी इन्फ्राटेकच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२० मध्ये याच कलमाखाली गहाणं रद्द ठरवली. कंपनीने आपली जमीन मूळ कंपनीच्या कर्जासाठी तारण दिली होती.

भुजंगराव
निनादराव, माहितीपूर्ण. पण सामान्य माणूस आपल्याकडे नादारीच्या अर्जाला जातोच कुठे? तो गावाला जातो.

गुळांबा
😄😄

अंजनी
आले. आता 'फुकट गाडी' बद्दल.

बोजा रद्द झाला म्हणजे हवेत विरला असं होत नाही. कलम ५५१ सांगतं की रद्द झालेला बोजा इस्टेटीसाठी, म्हणजे धनकोंना वाटायच्या मालमत्तेसाठी, राखून ठेवला जातो. म्हणजे क्रेडिट युनियन उठते आणि त्याच खुर्चीत ट्रस्टी बसतो. गाडीवर २०,५०० चा बोजा आहे तसाच आहे, मालक बदलला. ट्रस्टी गाडी विकणार. आलेल्या पैशातले २०,५०० इस्टेटीला, आणि वरचे दीड हजार एक्झेम्प्शनमध्ये (ऋणकोला स्वतःकडे ठेवता येणाऱ्या रकमेत) बसत असतील तर मित्राला.

मग मित्र म्हणेल, बोजा रद्द झालाच आहे तर माझी एक्झेम्प्शन आख्ख्या गाडीवर लावा. तेही जमत नाही. ५२२(ग) प्रमाणे ऋणकोने स्वखुशीने दिलेलं तारण ट्रस्टीने सोडवलं, तर त्या सुटलेल्या भागावर ऋणकोला एक्झेम्प्शन मागता येत नाही. कर्जाच्या कागदावर सही मित्राचीच आहे.

क्रेडिट युनियनचं २०,५०० चं घेणं विनातारण होऊन कार्ड कंपन्यांच्या रांगेत जातं. ट्रस्टीला वाटलेल्या पैशावर टक्केवारी मिळते: पहिल्या ५,००० वर जास्तीत जास्त २५ टक्के, पुढे ५०,००० पर्यंत १० टक्के. २०,५०० वर हिशेब करा, २,८०० पर्यंत. म्हणून प्रत्येक फायलीत ट्रस्टी ३४१ च्या (धनकोंच्या) मीटिंगआधी टायटलची प्रत मागतो आणि पहिली नजर बोजाच्या तारखेवर टाकतो.

तात्पर्य काय, या सगळ्यात ज्याची गाडी जाण्याची शक्यता वाढली तो तुमचा मित्र. बोजा वेळेवर चढला असता तर ट्रस्टीने दीड हजारासाठी गाडीकडे बघितलंही नसतं, आणि हा हप्ते भरत गाडी चालवत राहिला असता.

कोलंबसकर
बाप रे. त्याला सांगणं जिवावर आलंय.

शेंगदाणा
फॉर्म परत केला.

उंटावरचा
म्हणजे बघा, क्रेडिट युनियन बुडाली, कर्जदाराची गाडी गेली. मी म्हणत होतो ते काही चुकीचं नव्हतं.

निनाद_के
क्रेडिट युनियन २०,५०० ने बुडाली, पण तेवढेच बाकीच्यांना मिळाले. एकूण खड्डा तेवढाच. तो कोणी सोसायचा एवढाच वाद आहे. ज्याला टायटल ऑफिसची एक चक्कर मारून तो टाळता आला असता, त्याने सोसावा असं कायदा म्हणतो.

टेक्सासमावशी
अंजनी, रीफायनान्सला पण हेच लागू? आमच्या शेजाऱ्यांनी दोन महिन्यांपूर्वी गाडीवर जास्तीचे पैसे उचललेत, आणि आता तेच बँकरप्टसीबद्दल बोलताहेत.

अंजनी
टेक्सासमावशी, रीफायनान्सला (क)(३) ची सूट मिळत नाही, कारण ते कर्ज गाडी 'घ्यायला' दिलेलं नाही. पण मी आधी लिहिलेला ३० दिवसांचा सर्वसाधारण नियम मिळतो. नवं कर्ज, नवा करार, ३० दिवसांत नोंद, तर प्रश्न नाही. उशीर झाला तर तोच घोळ. आणि तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: आधी विनातारण घेतलेलं कर्ज थकलं, सावकाराने दम दिला, म्हणून त्याच कर्जासाठी गाडी लिहून दिली. तिथे नोंद त्याच दिवशी केली तरी उपयोग नाही. कर्ज जुनं आणि तारण नवं, म्हणजे प्रेफरन्सचं अगदी ठळक उदाहरण. नव्वद दिवसांत फाइल केलं की गेलं.

गुळांबा
मग माझा पण प्रश्न. समजा माणसाने मेहुण्याकडून पैसे उसने घेतले आणि नंतर मेहुण्याने सेफ्टी म्हणून गाडीच्या टायटलवर स्वतःचं नाव लीनहोल्डर (बोजाधारक) म्हणून लावून घेतलं. आठ महिने झाले. नव्वद दिवस कधीच उलटले, म्हणजे मेहुणा सुटला ना?

शेंगदाणा
मेहुणा कधी सुटतो का हो.

अंजनी
नाही सुटला. :) घरचा माणूस 'इनसाइडर' धरला जातो, आणि इनसाइडरसाठी ९० दिवसांऐवजी एक वर्ष मागे बघतात. नात्याने किंवा लग्नसंबंधाने तिसऱ्या पायरीपर्यंतचे सगळे त्यात येतात. मेहुणा, साडू लांबचे वाटतात, पण कोर्ट आधी नातंच विचारतं. एक दिलासा: नव्वद दिवसांच्या मागच्या काळासाठी नादारी गृहीत धरत नाहीत, ट्रस्टीला ती सिद्ध करावी लागते. आठ महिन्यांपूर्वी माणसाची नोकरी होती, घेणं-देणं ठीक होतं असं कागदांवरून दिसलं तर मेहुणा लढू शकतो.

गुळांबा
धन्यवाद. मी ज्यांच्याबद्दल विचारलं त्यांना कळवतो. त्यांची बायको मला बघून घेईल.

ठोंब्या
म्हणजे तुमची बहीण?

गुळांबा
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

रानडे_कॅन्सस
उशिरा आलो. अंजनी यांनी छान लिहिलंय, एक भर घालतो. कॅन्सस सिटीच्या मिझुरीतल्या बाजूची गोष्ट, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली: फिडेलिटी फायनान्शियल सर्व्हिसेस विरुद्ध फिंक. १७ ऑगस्ट १९९४ ला गाडी घेतली, कर्ज कंपनीने टायटलचे कागद मिझुरीच्या रेव्हेन्यू खात्याला पोस्टाने पाठवले ते एकविसाव्या दिवशी. तेव्हा बँकरप्टसी कोडची मुदत होती २० दिवस. कंपनीचं म्हणणं, मिझुरीचा कायदा ३० दिवस देतो आणि त्यात नोंद केली तर ती मागच्या तारखेची धरतो, मग आम्ही वेळेतच आहोत. जानेवारी १९९८ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं: राज्याची मागची तारीख इथे चालणार नाही. लागणारी सगळी कृती केंद्राच्या कायद्याने दिलेल्या दिवसांतच संपली पाहिजे. निकाल न्यायमूर्ती सूटर यांचा. एका दिवसाने आख्खा बोजा गेला.

उंटावरचा, तुमच्या १८ दिवसांचं दुःख यापुढे काहीच नाही.

उंटावरचा
एका दिवसाने! आणि हे एकमताने. मला आता त्या कोर्टाबद्दलही काही लिहावंसं वाटतंय, पण धागा उडेल.

भुजंगराव
मला एक शंका आहे. पैसे आणि तारण हे एकाच सौद्याचे दोन भाग आहेत, मध्ये कागदोपत्री उशीर झाला, असं म्हणून कोर्ट माफ करत नाही का? आमच्याकडे 'सब्स्टॅन्शियल कम्प्लायन्स' (मुख्य अटी पाळल्या, एवढं पुरे) या एका शब्दावर कितीतरी बँका तरल्या.

अंजनी
भुजंगरावकाका, अगदी नेमका प्रश्न. तसं एक कलम आहे, (क)(१): देवाणघेवाण जवळजवळ एकाच वेळी व्हावी असा दोघांचा इरादा होता आणि तशी ती झालीही, तर प्रेफरन्स नाही. उशीर झालेला प्रत्येक सावकार आधी (क)(३) बघतो, तिथे दार बंद दिसलं की (क)(१) चं दार ठोठावतो. पण ओहायो सहाव्या सर्किटमध्ये (केंद्राच्या अपील कोर्टाच्या विभागात) येतं, आणि आमच्या सर्किटने १९८४ मध्ये आर्नेटच्या खटल्यात ३३ दिवसांचा उशीर 'जवळजवळ एकाच वेळी' मानायला नकार दिला. तेव्हाच्या १० दिवसांच्या मुदतीपलीकडे जाऊच द्यायचं नाही असं ठरवलं. सातव्या आणि नवव्या सर्किटने मात्र जास्त लवचीक भूमिका घेतली, परिस्थिती बघून ठरवू म्हणाले. म्हणजे शिकागोत जो मुद्दा मांडता येतो तो सिनसिनाटीत मांडताना आमचे साहेबही आवाज खाली करतात.

भुजंगराव
म्हणजे कायदा एक आणि नकाशा बघून निकाल. चालू द्या.

टेक्सासमावशी
मूळ मित्राचं काय? त्याला काही मार्ग आहे की नाही? मुलांच्या शाळा, आणि बसची बोंब. ओहायोत गाडीशिवाय माणूस नोकरी कशी शोधणार?

अंजनी
आहेत की मार्ग.

एक, ट्रस्टीला गाडी विकायचीच असते, ती कोणाला विकली याचं त्याला सोयरसुतक नसतं. लिलाव, टोइंग, वाट बघणं हा सगळा खर्च वाचत असेल तर तो ऋणकोलाच काही कमी किमतीत द्यायला बऱ्याचदा तयार होतो. नातेवाइकांकडून पैसे उभे करता आले तर बघावं. कोर्टाची मंजुरी लागते.

दोन, केस चॅप्टर १३ मध्ये बदलून घ्यायची. गाडी ठेवायची आणि इस्टेटीला जेवढं मिळालं असतं तेवढं तीन ते पाच वर्षांच्या हप्त्यांत भरायचं. पण त्यासाठी नियमित उत्पन्न हवं.

तीन, काहीच न करता थांबायचं. दावा ट्रस्टी आणि क्रेडिट युनियनमध्ये आहे. पुष्कळ प्रकरणांत क्रेडिट युनियनच ट्रस्टीला ठरावीक रक्कम देऊन तडजोड करते आणि बोजा स्वतःकडे ठेवते. मग मित्राच्या दृष्टीने काही बदललंच नाही, हप्ते पूर्वीसारखे.

आणि कोलंबसकर, एक गोष्ट आजच विचारा: त्याने रीअफर्मेशन ॲग्रीमेंटवर सही केलीये का? म्हणजे 'डिस्चार्ज मिळाला तरी हे कर्ज मी फेडीन' असं क्रेडिट युनियनला लिहून दिलंय का? केली असेल तर ताबडतोब वकिलाला सांगा. नाहीतर गाडी ट्रस्टी नेईल आणि २०,५०० चं कर्ज याच्या डोक्यावर तसंच राहील. ते रद्द करायला डिस्चार्ज मिळेपर्यंत, किंवा करार कोर्टात दाखल झाल्यापासून ६० दिवस, यांतलं जे उशिराचं असेल तेवढा वेळ असतो.

कोलंबसकर
फोन केला. सही केली होती. कागद कोर्टात जाऊन महिनाही झालेला नाही. आजच वकिलाला ईमेल करतोय.

टेक्सासमावशी
अंजनीताईंना माझ्याकडून पुरणपोळी.

रानडे_कॅन्सस
बरं झालं विचारलं. आणखी एक: ट्रस्टी कधीकधी गाडीही मागतो आणि वर सावकाराकडून बोजाच्या किमतीचे रोख पैसेही मागतो. आमच्या दहाव्या सर्किटने २०१० मध्ये ट्राउटच्या प्रकरणात ते अमान्य केलं. बोजा राखून इस्टेटीला परत मिळालाय ना, मग वरून रोख रक्कम कशाला, असा सूर होता. कोलोरॅडोतल्या गाडीचीच केस ती.

निनाद_के
मला एक कळत नाही. मित्राच्या वकिलाने फाइल करण्याआधी टायटल बघितलं नव्हतं का? नोंद २० एप्रिलची. नव्वद दिवस १९ जुलैला संपतात. २१-२२ जुलैला फाइल केलं असतं तर ट्रस्टीला या बोजाला हात लावता आला नसता. क्रेडिट युनियन सुरक्षित, गाडीही सुरक्षित.

कोलंबसकर
वकिलाने विचारलं होतं, 'गाडीवर लोन आहे का?' हा म्हणाला, 'आहे.' तारखेचा विषय निघालाच नाही. आणि जूनमध्येच पगारातून वसुली सुरू होणार होती, म्हणून घाई केली.

अंजनी
निनाद, बरोबर आहे तुमचं, पण पगारावर टाच येणार असेल तर सहा आठवडे थांबणं सोपं नसतं. आणि एकदा चॅप्टर ७ फाइल केलं की 'चुकलं, परत घेतो' असं करता येत नाही, कोर्टाला सबळ कारण पटवावं लागतं. धनकोंचा फायदा बुडत असेल तर कोर्ट सहसा ऐकत नाही.

शेंगदाणा
या धाग्यामुळे मी आत्ता उठून माझ्या गाडीचं टायटल बघून आलो. बोजा आहे. जीव भांड्यात पडला. आयुष्यात पहिल्यांदा कर्ज बघून बरं वाटलं.

कोलंबसकर
बऱ्याच महिन्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व. अपडेट: रीअफर्मेशन वेळेत रद्द झालं. क्रेडिट युनियनने ट्रस्टीशी तडजोड केली, रक्कम मला माहीत नाही, आणि बोजा त्यांच्याकडेच राहिला. मित्राला नोकरी लागली. हप्ते भरतोय, गाडी चालवतोय.

उंटावरचा
म्हणजे क्रेडिट युनियनने स्वतःच्याच तारणासाठी दुसऱ्यांदा पैसे मोजले. मला अजून पटलेलं नाही, एवढंच नोंदवतो.

निनाद_के
नोंद वेळेत केलीत. पक्की झाली.

गुळांबा
एक शेवटची शंका. फाइल करण्याआधीच्या तीन महिन्यांत गाडीचे जे हप्ते भरले, ते पण ट्रस्टी परत मागू शकतो का? ते पण जुन्या कर्जापोटीच दिले ना? (या वेळी मेहुण्याचा संबंध नाही.)

अंजनी
बोजा पक्का असेल आणि गाडीची किंमत कर्जापेक्षा जास्त असेल तर नाही. तसा सावकार दिवाळ्यातही पूर्ण पैसे घेऊनच जाणार असतो, हप्त्यामुळे त्याला जास्त काही मिळालेलं नसतं. पण बोजाच रद्द होण्यासारखा असेल तर तो विनातारण धनको ठरतो, आणि मग ट्रस्टी त्या ९० दिवसांतल्या हप्त्यांकडेही बोट दाखवतो. तिथे सावकाराला बचाव असतो तो नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, ठरलेल्या तारखेला ठरलेला हप्ता दिला-घेतला, हा. शिवाय घरगुती कर्जात अशी एकूण रक्कम ६०० डॉलरपेक्षा कमी असेल तर ट्रस्टीला ती मागताच येत नाही. थकलेले चार हप्ते दम देऊन एकदम वसूल केले असतील तर मात्र रिवाजाचा बचाव लंगडा पडतो.